घरट्यांची छायाचित्रे पावसाळ्यात छापू नयेत

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनच्या अखेरीस आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पहिल्या पानावर एक मोठे रंगीत छायाचित्र आले होते. नाल्यावर झुकलेल्या फांदीवर घरटे, त्यात चोची वासलेली तीन पिले आणि काठावर पांढराशुभ्र, काळ्या तुऱ्याचा, लांबच लांब शेपटीचा पक्षी. खालच्या ओळीत लिहिले होते की ही आई पिलांना भरवते आहे. त्याच ओळीत नाल्याचे नाव होते आणि महूकडून गेल्यास गाडी कुठवर जाते तेही दिले होते. नाल्याचे नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी ओळीतली चूक. हा पक्षी स्वर्गीय नर्तक, हिंदीत दूधराज, आपल्या मध्य प्रदेशचा राज्यपक्षी. पांढरा रंग आणि लांब शेपटी ही वयात आलेल्या नराची खूण. मादी तांबूस विटकरी, आखूड शेपटीची, गळ्याशी राखाडी. म्हणजे छायाचित्रात होता तो बाप. पिलाच्या तोंडात घास घालताना दिसली की ती आईच, असे आपण सगळेच धरून चालतो. या जातीत मात्र घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिलांना पंखाखाली घेणे, भरवणे, सगळे दोघे मिळून करतात. बाप अंड्यांवर बसला की त्याची शेपटी घरट्याबाहेर लोंबत राहते आणि घरटे शोधणाऱ्याला नेमकी तीच आधी दिसते. त्यात आणखी एक घोळ आहे. तरुण नर पहिली एक-दोन वर्षे मादीसारखाच तांबूस आणि आखूड शेपटीचा असतो, आणि तोही जोडी जमवून पिले वाढवतो. त्यामुळे एखाद्या घरट्यावर दोन ‘आया’ आळीपाळीने येताना दिसतात. अशा वेळी गळा पाहावा. काळा असेल तर नर, राखाडी असेल तर मादी. शिवाय काही नर लांब शेपटी आल्यावरही तांबूसच दिसतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये.

एवढेच असते तर चार ओळींचे पोस्टकार्ड टाकून मी मोकळा झालो असतो.

ते पान मी भिंग लावून पाहिले. घरट्याच्या वरच्या अंगाला डहाळीची दोन पांढरी टोके दिसतात. डहाळी वाऱ्याने मोडली तर टोक फाटते, साल ओरबाडून निघते. ही टोके तिरपी आणि साफ आहेत, म्हणजे ती धारदार हत्याराने कापलेली आहेत. उजवीकडे पानांचा एक झुपका हिरव्या दोऱ्याने मागे ओढून बांधलेला दिसतो. त्यामुळेच घरटे इतके स्वच्छ, मोकळे आणि उजेडात आले आहे. पिलांच्या अंगावर थेट ऊन पडले आहे, आणि त्यांच्या अंगावर तर अजून धड पिसेही नाहीत.

छायाचित्र काढणाऱ्याला मी ओळखत नाही. कुणी होतकरू मुलगा असेल, त्याला हे कुणी सांगितलेही नसेल. पण आपल्या कार्यालयात ते पान चार जणांच्या हाताखालून गेले असेल, आणि ती कापलेली टोके कुणालाच खटकली नाहीत याचे मला नवल वाटते.

पुरवणी आली त्यानंतरच्या आठवड्यात मी तिकडे गेलो. नाल्याच्या तोंडाशी मोटारी उभ्या होत्या. आत गुडघाभर गवत तुडवून रुंद पायवाट झाली होती आणि तिच्या टोकाला तीन पायांचे स्टँड ओळीने लावलेले होते. एकाने मोबाइलवर याच पक्ष्याची शीळ लावून ठेवली होती. असा आवाज ऐकला की नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो पिलांचा घास बाजूला ठेवून त्या नसलेल्या नराला हुसकायला फांदीफांदीवर फिरतो, आणि लोक म्हणतात, वा, किती जवळ आला! तो जवळ आलेला नसतो, चिडलेला असतो. मी त्या मंडळींशी बोललो. दोघांनी ऐकले, एकाने ‘अंकल, हम तो दूर से ले रिये हैं’ म्हणून माझी समजूत काढली. चार-पाच दिवसांनी परत गेलो तेव्हा घरटे रिकामे होते. पिले उडून गेली असतील असे म्हणायला त्यांची वाढ झालेली नव्हती. कुणी नेली ते मी पाहिलेले नाही, म्हणून कुणाचे नाव घेत नाही. वरच्या फांदीवर अंडी-पिले पळवणारा टकाचोर पक्षी बसला होता, पण तो तर रोजच तिथे असतो.

आता हे सांगणारा मी कोण, असे कुणी विचारील. मी रेल्वेत होतो, पर्मनंट वे विभागात. रूळ, स्लीपर, खडी आणि पूल यांची देखभाल हे काम. नोकरीतला बराचसा काळ पातालपाणी ते कालाकुंड या मीटरगेज घाटात गेला. चाळीसास एक असा चढ. कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिन लागायचे. २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे हेरिटेज गाडी धावू लागली आणि इंदूरकर आता खिडकीत बसून धबधबे बघतात, कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खातात. (कलाकंद खरेच चांगला असतो.) आम्ही त्याच रुळांवरून पायी किंवा ट्रॉलीवर जायचो. त्या चालीने जाणाऱ्याला रुळाकडेचे झाडन् झाड ओळखीचे होते.

पक्षी मला पुस्तकाने शिकवले नाहीत, आमच्या एका कीमॅनने शिकवले. घाटाखालच्या गावातला माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज तेवढाच पट्टा चालायचा. पावसाळ्याच्या तोंडावर वळणांवरची झुडपे छाटावी लागतात, नाहीतर ड्रायव्हरला पुढचे दिसत नाही. छाटणीच्या आदल्या संध्याकाळी हा यायचा आणि खांबाचा नंबर सांगायचा, फक्त नंबर. गँगने तेवढा तुकडा सोडून छाटायचे, असा आमच्यात अलिखित करार होता. झाड कोणते, घरटे कुठे, ते तो गँगलाही दाखवत नसे. मी एकदा हट्ट धरला तेव्हा म्हणाला, ‘साब, वो अभी घर जमा रिया है, उधर मत देखो.’ मला तेव्हा ती अंधश्रद्धा वाटली. पुढे कळले की त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. घरटे बांधत असताना आणि अंडी घालण्याच्या दिवसांत पक्ष्याची त्यात गुंतवणूक कमी असते, आणि त्रास झाला तर तो सगळे टाकून निघून जातो. पिले आल्यावर तो सहसा जात नाही, जीव मुठीत धरून येत राहतो. पाहणाऱ्याला वाटते त्याला आपली सवय झाली. सिग्नल झाकणारी फांदी मात्र कापावीच लागे. तिथे आमचा करार चालत नसे, आणि चालवूही नये.

घाटातले हे पक्षी पावसाच्या तोंडावर आणि पावसातच का बांधतात, हे एकदा समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की जंगलात किड्यांचा आणि अळ्यांचा सुकाळ होतो. पिलांना वाढायला मऊ, प्रथिनांचे खाणे लागते. एरवी दाणे टिपणाऱ्या सुगरणीही पिलांना किडे भरवतात. म्हणून पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडत असतो त्याच सुमाराला बाकीच्यांची घरटी भरलेली असतात. पावशाचे ओरडणे काही शेतकऱ्यासाठी नसते. तो सातभाईंच्या घरट्यावर टपलेला असतो, कारण त्याची मादी आपली अंडी त्यांच्याच घरट्यात घालते. चातकही तोच धंदा करतो. त्या दिवसांत सातभाईंचा गोंगाट नेहमीपेक्षा जास्त वाटला तर तो गोंगाट कशासाठी आहे ते बघावे, मजा येते.

स्वर्गीय नर्तकाला सावलीचा ओढा किंवा नाला लागतो. घरटे फार उंच नसते, कधी माणसाचा हात पोचेल इतक्यावर, बारीक फांदीच्या बेचक्यात. गवताच्या काड्या आणि बारीक मुळ्या विणून एक नेटकी वाटी केलेली असते आणि बाहेरून तिला कोळ्याच्या जाळ्याने लपेटलेले असते. जाळ्याची ही चीज आपल्याला घरात नकोशी, पण रानातल्या निम्म्या घरट्यांचा तो सिमेंट-चुना आहे. हलके, चिवट आणि ताणले जाणारे. पिले वाढली की वाटी थोडी सैल होते, पण फाटत नाही. नाचण, सुभग, चष्मेवाला, शिंजीर, सगळे कोळ्यांच्या जिवावर बांधतात. मी तर म्हणतो, ज्याच्या बागेत कोळी नाहीत त्याने पक्षी येत नाहीत म्हणून तक्रार करू नये.

शेजारीही तो पाहून घेतो. एका नाल्यात वरच्या अर्जुनावर कोतवालाचे घरटे आणि खाली करंजाच्या फांदीवर नर्तकाचे, असे मी एकापेक्षा जास्त पावसाळ्यांत पाहिले आहे. कोतवाल मोठा भांडखोर. कावळा, शिक्रा, कुणालाही आपल्या झाडाजवळ फिरकू देत नाही. हळद्याही याच कारणाने पुष्कळदा कोतवालाच्या शेजारी राहायला जातो. कोतवाल संरक्षणाचे भाडे मागत नाही, त्याला पत्ताही नसतो. पण खाली माणसांचा घोळका जमला की कोतवालाचे लक्ष त्यांच्यावर जाते, आणि तेवढ्यात मागच्या बाजूने टकाचोर उतरतो. भारद्वाजाचेही तसेच. त्याचे दर्शन झाले की आपण दिवस चांगला जाणार म्हणतो. तो मात्र झुडपांत शिरून अंडी आणि पिले खातो. त्याला दोष नाही, त्यालाही पोरे आहेत. आपण फक्त त्याला घरट्याची वाट दाखवू नये. तुडवलेले गवत, मागे ओढलेली पाने आणि कापलेली डहाळी ही सगळी वाट दाखवण्याचीच साधने आहेत. कावळा तर माणूस कुठे थांबतो, कुठे पुन्हा पुन्हा बघतो, यावर नजर ठेवूनच असतो.

पानांचे काम लपवण्यापुरतेच नाही. उघडीवाघडी पिले उन्हात फार वेळ टिकत नाहीत, आणि पावसाची सर थेट अंगावर आली तरी गारठतात. वरची दोन पाने म्हणजे त्यांचे छप्पर. ते कापल्यावर आई किंवा बाप पंख पसरून पिलांवर सावली धरून उभे राहतात. असे छायाचित्र फार ‘भावपूर्ण’ येते असे म्हणतात. ज्या वेळात त्यांनी किडे आणायचे, तो वेळ ते छत्री होऊन घालवत असतात हे त्यात दिसत नाही.

नवरंग तर याहून नाजूक. हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेत आणि श्रीलंकेकडे असतो. पावसाच्या सुमाराला इकडे येतो आणि पहाटे व संध्याकाळी दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. वाळक्या पानांचा आणि काड्यांचा वीतभराहून मोठा गोळा जमिनीवर किंवा ठेंगण्या फांदीवर रचतो, दार एका बाजूला. जमिनीवरचा गोळा पालापाचोळ्यातून वेगळा ओळखूच येत नाही, त्यामुळे त्याच्यावर पाय पडण्याची भीती खरी असते. सेल्फीसाठी वाट सोडून आत शिरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

शिंपी पक्ष्याविषयी मात्र मला रेल्वेवाला म्हणून दोन ओळी जास्त लिहू द्या. हा घाटातही आहे आणि राजेंद्रनगरच्या आमच्या गॅलरीतल्या कुंडीतही. लोक म्हणतात तो पाने शिवतो. मी सोडून दिलेले एक घरटे पावसाळ्यानंतर खाली काढून पाहिले, तर त्यात सलग दोरा कुठे नव्हताच. पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडायचे, त्यातून कापसाचा किंवा जाळ्याचा तंतू ओढायचा, आणि बाहेर आलेले टोक पिंजून फुगवून ठेवायचे, म्हणजे ते मागे सरकत नाही. गाठ नाही, प्रत्येक टाका स्वतंत्र. पुलाच्या गर्डरला आम्ही ठोकायचो ते रिव्हेटच. एक निघाला तरी बाकीचे जागेवर राहतात. भोके इतकी बारीक की पानाची कड वाळून तपकिरी पडत नाही, आणि पानाची वरची, हिरवीगार बाजू बाहेर राहते, त्यामुळे हातभर अंतरावरून गेलात तरी ते घरटे आहे असे कळत नाही. आता या पानांतले एक पान कुणी छायाचित्रासाठी दुमडले की त्याच्या कडेचे टाके गेले. पक्षी दुरुस्ती करतो कधी कधी. पण पिले आत असताना दुरुस्तीला सवड कुठली?

घरटी बघूच नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मी स्वतः अजून बघतो, आणि इंदूरच्या मुलांनी बघावीत असे मला वाटते. रालामंडलला जा, चोरलच्या बाजूला जा, नाहीतर घराच्या मागच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाका. दुर्बीण घ्या, आणि एकच गोष्ट सांभाळा. पक्षी चोचीत अळी घेऊन आला आणि सरळ घरट्यात न जाता फांदीवर बसून टिकटिक करत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. तो बिनघोर जाऊ लागला की ते तुमचे अंतर. एवढ्या अंतरावरूनही दिसायला पुष्कळ असते. पहिले काही दिवस नर्तक बारीक किडे आणतो, मग पतंग आणि चतुरसुद्धा येऊ लागतात. घास देऊन झाला की तो क्षणभर थांबतो. पिलू पाठ फिरवते आणि पांढऱ्या पिशवीत बांधलेली विष्ठा बाहेर टाकते. ती उचलून तो दूर नेऊन टाकतो, म्हणजे खाली डाग पडत नाहीत आणि वास राहत नाही. ज्या घरट्याखाली तो इतकी खबरदारी घेतो तिथे आपण पायवाट पाडतो, हा विचार मला दर वेळी येतो. शिंजिराच्या घरट्यावर पाहा, बांधायला आणि उबवायला मादी एकटी. नर जवळपास गाणी म्हणत फिरतो आणि पिले आल्यावर भरवायला हात लावतो. नर्तकाच्या घरची आणि शिंजिराच्या घरची रीत इतकी वेगळी का, यावर एखाद्या शाळकरी मुलाने वहीभर टिपणे काढली तर ती मला त्या रंगीत पानापेक्षा मोलाची वाटतील.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण या दिवसांत तो पिलांच्या जिवावर उठतो. माणसाचा हात लागला की आई-बाप पिलाला टाकतात, असे घरोघरी सांगितले जाते. ते खरे नाही. माणसाच्या नुसत्या वासाने पक्षी आपले पिलू सोडत नाहीत. उघडे, पिसे नसलेले पिलू खाली पडलेले दिसले आणि घरटे हाताला लागत असेल, तर ते हळूच उचलून परत ठेवावे आणि लगेच निघून जावे. अंगभर पिसे आलेले, उडी मारणारे पिलू असेल तर त्याला मांजराच्या वाटेवरून उचलून जवळच्या झुडपात ठेवले की झाले. त्याचे आई-बाप जवळच असतात, तुम्ही जाण्याची वाट बघत. घरी आणून दूध-पोळी भरवू नये. जास्त जवळ गेल्याने आणखी एक गोष्ट होते. उडायला दोन-तीन दिवस कमी असलेली पिले घाबरून घरट्याबाहेर उड्या टाकतात, आणि मग ती आपल्याला ‘पडलेली’ दिसतात.

आता कायद्याचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्याला मारणे, पकडणे एवढेच येत नाही. जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, अंडी किंवा घरटी हलवणे, त्यांना बाधा पोचवणे, हेही त्याच व्याख्येत येते. म्हणजे डहाळी कापून, दोरा बांधून घरटे उजेडात आणणारा माणूस कायद्याच्या भाषेत छायाचित्रण करत नाही, शिकार करतो. आपल्या पुरवणीने शिकारीचे छायाचित्र कौतुकाने छापले, असे कुणी वकील म्हणाला तर त्याला उत्तर देणे अवघड जाईल. देशातल्या अनेक छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांची छायाचित्रे घेणे कधीच बंद केले आहे. वृत्तपत्रांनी मागे राहण्याचे कारण नाही.

माझी विनंती अशी. मे ते सप्टेंबर या काळात जंगली पक्ष्यांच्या घरट्यांची, अंड्यांची, घरट्यातल्या पिलांची छायाचित्रे आपण छापू नयेत, कितीही सुंदर असली तरी. एखाद्या अभ्यासाच्या बातमीला अगदीच आवश्यक असेल तर मोसम संपल्यावर छापावे आणि जागेचे नाव गाळावे. जिल्हा लिहिला तरी वाचकाचे काही अडत नाही. छायाचित्र पाठवणाऱ्याला विचारावे की घेताना तो कुठे उभा होता, फांदी कुणी हलवली का, आवाज लावला का. उत्तर देताना तो अडखळला तर छापू नये. आणि या पक्ष्यांची छायाचित्रे नकोतच असे नाही. शेपटी फरफटवत नाल्यावरून उडणारा नर, घरटे सोडून आलेली, फांदीवर ओळीने बसून घास मागणारी पिले, पावसात अंग झटकणारा नवरंग, हे सगळे कुणाचे घर न मोडता मिळते. वाट पाहावी लागते इतकेच, आणि ती पाहणाऱ्यांचे नाव आपण मोठ्या टायपात छापावे.

शहराविषयीही थोडे, कारण आपले बहुतेक वाचक घाटात जाणार नाहीत. इंदूर स्वच्छतेत देशात पहिले येते याचा मलाही अभिमान आहे. पण कुंपणाची मेंदी जूनमध्ये कापून चौकोनी करायची आणि झाडाखालचा पाचोळा रोज झाडून पोत्यात भरायचा, हे स्वच्छतेत येत नाही. आमच्या कॉलनीतल्या मेंदीत दर वर्षी बुलबुल बांधतो, जेमतेम कमरेच्या उंचीवर. अंडी घातल्यापासून पिले उडेपर्यंत महिनासुद्धा लागत नाही. माळ्याला कात्री चालवण्याआधी झुडपात एकदा डोकावून पाहायला सांगावे आणि घरटे असेल तर तेवढा भाग चार आठवडे सोडावा. आमच्या माळ्याने पहिल्या वर्षी कुरकुर केली. आता तोच येऊन सांगतो, बाबूजी, इस बार दो नंबर के गेट पे है।

माझे नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर आपल्या माहितीसाठी जोडला आहे. तो छापू नये. छापलात तर कॅमेरेवाली मंडळी घरट्यांच्या जागा विचारत माझ्याच दारात उभी राहतील.

कळावे,
आपला जुना वाचक,
एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी
राजेंद्रनगर, इंदूर

ता. क. : पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची झाल्यास रेल्वेची आणि शिंप्याची हकिगत खुशाल कापा. कायद्याचा आणि त्याच्या खालचा विनंतीचा परिच्छेद मात्र कापू नये, आणि चूक दुरुस्तीच्या चौकटीत ‘तो बाप होता’ एवढे तरी यावे.